जाणती काम सोडते तेव्हा

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे – ‘संस्थेतलं ज्ञान-व्यवस्थापन’. हा शब्द कंपन्यांच्या जगातून आला, त्यामुळे ‘हे आपलं नव्हे’ असं वाटणं साहजिक आहे. पण प्रश्न मात्र आपलाच आहे. सल्ला केंद्रात दहा-बारा वर्षं काम केलेली कार्यकर्ती एक दिवस काम सोडते. नवऱ्याची बदली होते, सासू अंथरुणाला खिळते, किंवा एवढ्याशा मानधनात भागत नाही. कपाटाच्या किल्ल्या, फायली, जमाखर्च ती नीट सोपवून जाते. पण कोणत्या पोलीस ठाण्यात कुणाशी बोललं तर तक्रार ऐकून घेतात, समोरची बाई ‘तसं काही नाही हो’ म्हणाली की किती वेळ गप्प बसायचं, माहेरची माणसं खरंच पाठीशी उभी राहतील की दोन दिवसांनी परत पाठवतील, हे कोणत्या फायलीत असतं? ते तिच्याबरोबर जातं. आणि त्याची किंमत मोजते ती पुढच्या आठवड्यात आपल्या दाराशी येणारी बाई.

मायकेल पोलान्यी या विचारवंताने १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात या न बोललेल्या ज्ञानाचा विचार मांडला. आपल्या जाणतेपणाचा मोठा भाग शब्दांत उतरतच नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्याला हे पटायला पुस्तक लागत नाही. भाकरीच्या पिठात पाणी किती, असं लेकीने विचारलं तर आई ‘अंदाजाने’ म्हणते. ती काही लपवत नसते. तो अंदाज तिच्या हातात असतो, आणि लेकीला तो शेजारी बसूनच घ्यावा लागतो.

जपानचे इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांनी १९९५ साली कंपन्यांमध्ये ज्ञान कसं तयार होतं यावर पुस्तक लिहिलं. त्यातलं एक उदाहरण ऐका. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीला घरच्या घरी पाव करण्याचं यंत्र बनवायचं होतं. पाव काही जमेना. वरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. तेव्हा इकुको तानाका ही कंपनीतली तंत्रज्ञ शहरातल्या एका मोठ्या हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकायला गेली. तिच्या लक्षात आलं की तो कणीक नुसती मळत नाही, तिला एक विशिष्ट ताण आणि पीळ देतो. ते तिने इंजिनियरांना समजेल अशा भाषेत सांगितलं, त्याप्रमाणे यंत्राच्या आत बदल केले, आणि पाव जमला.

नोनाका यांनी यातून चार पायऱ्या सांगितल्या. आधी सहवासात शिकणं, मग ते शब्दांत आणणं, मग इतर माहितीशी त्याची सांगड घालणं, आणि शेवटी वापरून वापरून ते पुन्हा अंगवळणी पाडणं. आपण बहुतेकदा पहिल्या पायरीवरच थांबतो. निधी देणाऱ्या संस्था थेट तिसरीपासून सुरुवात करतात – तक्ते भरा, आकडे पाठवा. मधली दुसरी पायरी, अनुभवाला शब्द देण्याची, कुणीच चढत नाही.

पण या सिद्धांताकडे जरा सावधपणेही बघू या. कामगाराच्या हातातलं ज्ञान गोळा करून व्यवस्थापनाच्या हाती द्यावं, असं फ्रेडरिक टेलर १९११ सालीच सांगत होता. पाव यंत्रात आला, पण पाववाल्याला काय मिळालं? हा प्रश्न आपण बायकांनी तरी विचारायलाच हवा. आपल्या आशाताईंचं पाहा. ही योजना २००५ साली सुरू झाली. कोणत्या घरात सून सातव्या महिन्यातही पाणी वाहते, कोणत्या घरात आधी सासूशी बोलावं लागतं, हे आशाताईला ठाऊक असतं. त्या ज्ञानाच्या जोरावर रजिस्टरं भरतात, आकडे वर जातात. ती स्वतः मात्र अजूनही कागदोपत्री स्वयंसेविकाच, आणि तिला मिळतो तो मोबदला, पगार नव्हे.

दुसरी अडचण अशी, की बाईचं ज्ञान ज्ञान म्हणून मोजलंच जात नाही. जॉइस फ्लेचर या अभ्यासिकेने अमेरिकेतल्या एका कंपनीतल्या स्त्री इंजिनियरांचं काम जवळून पाहिलं आणि १९९९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. अडलेल्याला हळूच शिकवणं, भांडण वाढण्याआधी मिटवणं, कुणाच्याच वाट्याला न आलेलं काम उचलणं, यावर तिथले प्रकल्प तरत होते. पण कंपनीच्या लेखी ते कौशल्य नव्हतं, बाईचा ‘स्वभाव’ होता. ‘ती मुळातच समजूतदार आहे’, असं कार्यकर्तीबद्दल आपणही म्हणतो ना? मग तिचं शिकवायचं तरी काय, असं वाटून शिकणंच थांबतं.

तर करायचं काय? ज्युलियन ऑर हा मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती कामगारांबरोबर फिरला. १९९६ सालच्या पुस्तकात त्याने दाखवलं की कंपनीच्या पुस्तिकेपेक्षा जेवताना सांगितलेल्या बिघाडाच्या गोष्टींतून ही माणसं जास्त शिकतात. पुढे कंपनीने या युक्त्या एकत्र केल्या. सोबत्यांनी त्या तपासायच्या, आणि युक्ती सांगणाऱ्याचं नाव तिच्याबरोबर राहायचं. यातलं आपल्याला घेण्यासारखं बरंच आहे.

महिन्यातून एकदा बसावं. एकीने एक प्रकरण सांगावं, दुसरीने लिहावं. काय केलं एवढंच नको, ते का केलं आणि कुठे अडलं तेही लिहावं. लिहिणारीला कंटाळवाणं काम मिळालं असं समजू नये, आणि दर वेळी तीच लिहिणारी नको. नवी कार्यकर्ती जुनीबरोबर निदान तीन महिने फिरली पाहिजे, आणि त्याचं मानधन अंदाजपत्रकात आधीच धरलेलं हवं. टिपणावर सांगणारीचं नाव असावं. नावाने पोट भरत नाही, हेही विसरू नये.

लिहिलेलं शिळंही होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तोंडपाठ असलेलं ४९८अ आता कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे. त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला मात्र जुनाच कायदा लागतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलीस ठाण्याने नोंदवून घ्यायची आहे, आणि तिची प्रत विनामूल्य द्यायची आहे. जुन्या वहीच्या भरवशावर कुणी ‘तुमची हद्द नाही’ हे ऐकून परत आली, तर वही असून नसल्यासारखी. म्हणून प्रत्येक टिपणावर तारीख घाला, आणि दर सहा महिन्यांनी वही चाळून जुनं खोडा.

आणि काही गोष्टी लिहायच्याच नाहीत. बाईचं नाव, तिने आसरा घेतलेला पत्ता, मुलांची शाळा यातलं काहीही या वहीत नको, फोनवरच्या गटात तर नकोच नको. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी हे पाळायला हवंच होतं. कंपनीत माहिती बाहेर गेली तर नफा बुडतो. आपल्याकडे एखादीचा जीव जाऊ शकतो. प्रकरणातून आपण शिकलो ते आपल्या सगळ्यांचं, पण तिची कहाणी तिचीच.

आपली चळवळ बोलण्यातून वाढली. एकीने सांगितलं, दुसरी म्हणाली ‘माझंही असंच’, आणि खासगी दुःखाचा सार्वजनिक प्रश्न झाला. अनुभवाला शब्द देण्याची ती दुसरी पायरी आपण केव्हाच चढलो होतो. तेच आता आपल्या कामाबद्दल करायचं आहे. आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने एवढंच ठरवावं: माझ्या संस्थेत असं काय आहे जे फक्त मलाच ठाऊक आहे, आणि ते मी कुणाला शेजारी बसवून शिकवणार आहे?