ओट्याखालची सहा दारं
(रौप्यमहोत्सवी वर्षातील ‘माझा छंद, माझा अनुभव’ या कार्यक्रमात एका ज्येष्ठ सभासदाने केलेले भाषण)



सचिव साहेबांनी मला सांगितलं, “काका, तुम्ही घरी पत्र्याची दारं केली म्हणे, त्यावर बोला.” मी म्हटलं, अहो, त्यात बोलण्यासारखं काय आहे? तर ते म्हणाले, “दोन महिने ठकठक आम्ही ऐकली, आता कारण तरी ऐकू द्या.” म्हणून सर्वप्रथम माझ्या खालच्या आणि शेजारच्या मंडळींची जाहीर माफी मागतो आणि मग सुरुवात करतो.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा बहुतेकांनी ओट्याखाली प्लायची दारं बसवून घेतली. आमचीही तशीच होती. पावसाळ्यात फुगायची, लाथ मारल्याशिवाय उघडायची नाहीत, आणि उन्हाळ्यात आपोआप उघडी राहायची. मग वाळवी लागली. एके दिवशी सौ.नी दार ओढलं तर मूठ हातात आणि दार जागेवर! नवीन दारांसाठी एका कारागिराला आगाऊ रक्कम दिली. तो माप घेऊन गेला तो गेलाच. तीन महिने ओट्याखाली जुन्या साडीचा पडदा होता. पाहुणे आले की सौ. त्या पडद्यासमोर उभ्या राहायच्या.

मी आयुष्यभर सरकारी कचेरीत लिखापढी केली. हातोडी धरली ती फक्त कॅलेंडरचा खिळा ठोकायला. आपल्या जिल्ह्यात भूगावला पोलादाचा कारखाना आहे, पत्र्याच्या गुंडाळ्यांचे ट्रक आपण सगळेच पाहतो. पण पत्रा हातात धरून पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर वेळ भरपूर होता आणि सौ.चा टोमणाही रोजचा होता, “कारागीर येत नाही, आणि घरचा माणूस पेपर वाचतो.” म्हटलं, करूनच पाहू.

बाजारात पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करणारे एक मामा आहेत. त्यांच्याकडे चार दिवस नुसता बसून पाहिलं. पहिल्या दिवशी मी जोरात ठोकायला लागलो तर म्हणाले, “काहून मारता साहेब त्याले? पत्रा अन् नवा जावई, दोघाईले हळूहळू वाकवा लागते.” हे वाक्य मी अजून विसरलो नाही.

आता ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी थोडी माहिती. मी जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय पत्रा घेतला, ०.८ मिलिमीटर जाडीचा. आठ बाय चार फुटांच्या पत्र्याचं वजन साधारण १९ किलो भरतं. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, म्हणून ओल्या जागी हा पत्रा साध्या पत्र्यापेक्षा टिकतो. पण एक लक्षात ठेवा, असा पत्रा घरी वेल्डिंग करायचा नाही. जस्ताचा धूर छातीत गेला तर ताप भरतो. मी सगळे जोड पॉप रिव्हेटने केले.

आमचं एक दार ४५० बाय ६०० मिलिमीटरचं. पण नुसता सपाट पत्रा दार म्हणून लावला तर तो ढबढब वाजतो आणि वाकतो. चारही बाजू आत वळवून त्याचं ताट करावं लागतं, तेव्हा त्याला ताठपणा येतो. मी चारही बाजूंना २० मिलिमीटर वाढवले, टेबलाच्या कडेला दोन लोखंडी अँगलमध्ये पत्रा सी-क्लॅम्पने आवळला आणि लाकडी हातोडीने वाकवला. एका टोकाला पूर्ण वाकवून पुढे जायचं नाही. सगळ्या लांबीवर थोडं थोडं, पाच-सहा फेऱ्यांत. तीन दारं झाली. रंगही न देता बिजागऱ्यांवर चढवली, कारण मला दाखवायची घाई झाली होती. शेजारच्या वहिनींना, वरच्या मजल्यावरच्या भाऊंना, सगळ्यांना बोलावून दाखवली. सगळे वाहवा म्हणाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सौ. कुकर काढत होत्या. हात ओला होता. दाराच्या आतल्या कडेवरून बोटं फिरली आणि दोन बोटं चिरली. कापलेल्या पत्र्याची कड ती, ब्लेडच. टाके पडले. मंडळी, त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. चार दिवस डाव्या हाताने स्वयंपाक केला. मी करतो म्हटलं तर म्हणाल्या, “तुम्ही तुमची दारं करा.” त्यांनी रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं, असं मला त्या चार दिवसांत वाटलं.

मी पेटीवाल्या मामांकडे गेलो. त्यांनी एक शब्द न बोलता दुकानातली एक पेटी माझ्यापुढे ठेवली आणि कडेवरून माझं बोट फिरवलं. गुळगुळीत! कड आत दुमडून चेपलेली होती. चार दिवस मी त्यांच्या दुकानात बसलो, पण ठोकण्याकडे पाहिलं, कडेकडे पाहिलंच नाही. मी विचारलं, आता दुमडता येईल का? म्हणाले, “नाही येत. कड आधी दुमडते, बाजू मंग वळते. उलटं नाही होत.” कडेला रबरी पट्टी लावून भागलं असतं. पण ओल्या जागी ती किती दिवस टिकणार? आणि निघाली की पुन्हा कोणाचं तरी बोट. तिन्ही दारं काढली आणि नवा पत्रा आणला.

या वेळी हिशेब असा केला. ८ मिलिमीटर दुमडण्यासाठी आणि २० वळवण्यासाठी, म्हणजे प्रत्येक बाजूला २८ जास्त. पत्रा कापायचा ५०६ बाय ६५६ चा. चारही कोपऱ्यांतून २८ चा चौकोन कापून टाकायचा. आधी कड दुमडून चेपायची, मग बाजू वळवायच्या, मग कोपऱ्यात आतून एल-पट्टी आणि रिव्हेट. या मापाची सहा दारं एका पत्र्यात बसतात. एक जरी बिघडलं तरी पत्रा वाया जातो, म्हणून आधी पुठ्ठ्याचं दार करून पाहा. आणि जाड हातमोजे घाला, पत्राकात्री चालवताना तर नक्कीच.

दुसऱ्या वेळी मी आणखी एक गोष्ट केली. दारं कशी हवीत हे सौ.ना विचारलं. पहिल्यांदा विचारलंच नव्हतं! त्यांनी पाच मिनिटांत तीन चुका काढल्या. कोपऱ्यातलं दार उलट्या बाजूला उघडायला हवं. कांदे-बटाट्याच्या कप्प्याला हवा हवी, आईच्या घरी जाळीचं कपाट होतं तसं. आणि सिलिंडरच्या दाराला खालून भोकं हवीत. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे. आपला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. म्हणून त्या दाराला खाली आणि वर दोन्हीकडे भोकं पाडली, आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू कानशीने घासली. आता कड म्हटलं की माझा हात आपोआप कानशीकडे जातो.

रंगाचीही एक गंमत. जीआय पत्र्यावर थेट ऑइल पेंट मारला तर काही दिवसांत पापुद्रे सुटतात, कारण त्या रंगाचा जस्ताशी संयोग होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो. म्हणून पत्रा साबणाने धुवून, वाळवून, जीआयसाठी मिळणारा एच प्रायमर लावायचा आणि मग रंग. रंग सौ.नी निवडला, मोरपंखी.

परवा नातवाला मगन संग्रहालय दाखवायला घेऊन गेलो. ३० डिसेंबर १९३८ ला गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली होती आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावं हा नयी तालीमचा विचार तिथे मांडला गेला. शाळेत असताना हे मी दोन मार्कांसाठी पाठ केलं होतं. अर्थ कळायला पासष्टी ओलांडावी लागली. हात कामाला लागला की माणूस आधी स्वतःची चूक शिकतो. कागदावरची चूक खोडता येते. पत्र्यावरची चूक दुसऱ्याच्या बोटाला लागते.

बाजारातलं पोलादी कपाट काही नवीन नाही. गोदरेजचं कपाट लग्नात देण्याची आपल्याकडे पद्धतच होती. त्या कपाटाच्या दाराची कड कधी कोणाला लागली नाही, म्हणून आपण तिच्याकडे कधी पाहिलंही नाही. चांगलं काम असंच असतं, ते कोणाच्या लक्षात येत नाही. आपल्या सोसायटीचंही तेच. टाकीचं पाणी रोज येतं, जिन्यातला दिवा लागतो. त्यामागे कोणीतरी पंचवीस वर्षं कड दुमडत बसलेलं असतं. त्या सर्व जुन्या पदाधिकाऱ्यांचे मी या निमित्ताने आभार मानतो.

शेवटी एक विनंती. माझे अँगल, क्लॅम्प, पत्राकात्री, रिव्हेट गन आता सोसायटीच्या खोलीत ठेवली आहेत. ज्याला हवी त्याने न्यावी, वहीत नोंद करावी. काम सकाळी दहा ते एक या वेळेतच करावं, दुपारी ज्येष्ठांना झोपू द्यावं. हे मी स्वतः पाळलं नव्हतं, म्हणून सांगतो. आणि ज्यांच्यासाठी दार करता, त्यांनाच पहिल्यांदा कडेवरून बोट फिरवू देऊ नका. आधी आपलं बोट फिरवा.

सौ. समोरच बसल्या आहेत. दोन बोटांवर बारीक खूण अजून आहे. त्या ती कोणाला दाखवत नाहीत, दारं मात्र येणाऱ्या प्रत्येकाला दाखवतात.