वडिलांच्या सायकलीवरून अकोल्यापर्यंत
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें भाषण)



अमरावती ते अकोला या माझ्या सायकलप्रवासाविषयीं चार शब्द सांगावे, अशी आज्ञा झाली. मी वक्ता नव्हे. आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं सायकलीवर बसून सुमारें शंभर किलोमीटर जाणारा मनुष्य शहाणाच असतो, असेंही माझें म्हणणें नाहीं. ‘वडिलांच्या नांवानें पैसे द्यावयाचे होते तर मुकाट्यानें द्यावयाचे, त्यासाठीं पाय दुखवून घेण्याचें कारण काय?’ हा प्रश्न आपल्यापैकींच अनेकांनीं मला विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचेंच उत्तर देण्याचा यत्न करतों.

माझे वडील हिशेबनीस होते. बडनेऱ्याहून अमरावतीस ते रोज सायकलीनें जात-येत. मागें जेवणाचा डबा, आणि डब्याखालीं फडक्यांत बांधलेली रोजखर्चाची वही. पैशाचाही खर्च तींत मांडल्यावांचून ते निजत नसत. व्यसन त्यांना एकच होतें, खर्ऱ्याचें. सायंकाळीं ते घरीं आले कीं सायकल माझ्या हातीं येई. सीटवर बसण्याइतकी माझी उंची नव्हती. नळीखालून पाय घालून, अंग वांकडें करून मी पानठेल्यावर जाई व पुडी घेऊन येई. त्या फेरीचें मला मोठें भूषण वाटे.

पुढें बऱ्याच वर्षांनीं त्यांच्या गालांत आंतून पांढरा चट्टा आला. तिखट सोसेना, हळूहळू तोंड पुरतें उघडेना. आम्हीं तें दांताचें दुखणें समजून कित्येक महिने काढले. निदान झालें तेव्हां फार उशीर झाला होता. वहींत त्यांनीं खर्ऱ्याचा खर्च कधीं लपविला नव्हता. त्यांच्या मागें मीं तीं पानें चाळलीं, तेव्हां जुन्या सालांतल्या प्रत्येक नोंदीपाशीं ती पुडी आणणारा मुलगा मला दिसूं लागला. कोणी कितीही पायडल मारले तरी त्या पुड्या परत जात नाहींत, हें मी जाणून आहें.

त्यांना आम्ही मुंबईस टाटा मेमोरियल रुग्णालयांत नेलें. तें रुग्णालयही एका मृत्यूंतून उभें राहिलें आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. त्यांचे पति सर दोराबजी पुढच्याच वर्षीं गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं रुग्णालय उघडलें. आमचा मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत होता. वऱ्हाडांतून गेलेल्या माणसाला तेथें आपल्या मुलखाचें नांव दारावर दिसतें. तेथें एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. खाटेवरच्या माणसाला औषध मिळतें, परंतु त्याच्या उशाशीं बसलेल्याचें जेवण, त्याची बुडालेली मजुरी, गांवीं राहिलेलीं मुलें, यांचा हिशेब कोणी धरीत नाहीं. कित्येक रुग्ण उपचार अर्धा टाकून परततात तो या किरकोळ वाटणाऱ्या खर्चापायीं. पैसे जमवावयाचे तर यासाठींच, हें मीं तेथें ठरविलें.

सायकलीची कल्पना माझी नव्हे. अमेरिकेंत बिली स्टार नांवाच्या तरुणाची आई १९७४ सालीं त्वचेच्या कर्करोगानें गेली. त्यानें १९८० सालीं ३६ जणांस घेऊन मॅसॅच्युसेट्स प्रांत सायकलीनें ओलांडला व बोस्टनच्या कर्करोगसंस्थेसाठीं १०,२०० डॉलर जमविले. ती यात्रा दरसाल चालू राहिली. एकट्या २०२४ सालीं तिनें साडेसात कोटि डॉलर दिले, आणि आजवरची बेरीज शंभर कोटींच्या पलीकडे गेली. सायकलस्वारानें मागून आणलेला प्रत्येक डॉलर रोग्यांच्या कामीं जातो, व्यवस्थेचा खर्च निराळा भागविला जातो. माझ्या वडिलांना त्या सबंध हकीगतींत हेंच सर्वांत आवडलें असतें. आपल्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत सायकलीनें पार केली, तीही आदिवासींच्या नेत्रोपचारासाठीं. त्यांच्यापुढें माझें अकोलें म्हणजे अंगणच.

डिसेंबरांतल्या एका पहाटे निघालों. सायकल वडिलांचीच, चाकें मात्र नवीं घातलेलीं. बडनेरें मागें पडलें तों उजाडलें. हा रस्ता आतां नामांकित झाला आहे. जून २०२२ मध्यें येथें १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरी थर सलग टाकल्याची जागतिक विक्रमांत नोंद झाली. डांबर उत्तम आहे, परंतु मालमोटारी अंगावरून जातात तेव्हां त्याचें कौतुक करण्याचें भान राहत नाहीं. दोहों बाजूंस वेंचणीला आलेली पऱ्हाटी आणि तूर. मूर्तिजापुरापाशीं थोडा थांबलों. याच तालुक्यांतील दापुऱ्यास, मामाच्या घरीं, गाडगे बाबांचें बालपण गेलें. हातीं फुटकें मडकें घेऊन हिंडणाऱ्या त्या मनुष्यानें लोकांपाशीं मागून धर्मशाळा उभ्या केल्या. मागण्याची लाज कशी सोडावी, हें त्यांच्याकडून शिकावें. मला ती सोडतां येत नव्हती. शंभर किलोमीटर सोपे होते. ओळखीच्या दुकानदारापुढें हात पसरणें कठीण.

येथेंच आपल्या प्रश्नाचें उत्तर आहे. मीं घरीं बसून रक्कम दिली असती तर ती माझ्याएवढीच राहिली असती, आणि कोणाशीं कांहीं बोलणें झालें नसतें. कुरणखेडला चाकाची हवा गेली. टायर काढून बसलों असतां चहाच्या टपरीवरील बाई म्हणाल्या, “काहून एवढा उटारेटा करता भाऊ? एस्टी नाही काय?” मीं कारण सांगितलें. खर्ऱ्याचेंही सांगितलें, चारचौघांत तें मीं प्रथमच उच्चारलें. बाई कांहीं बोलल्या नाहींत. त्यांनीं आंत हाक मारून नवऱ्याला बाहेर आणलें व तोंड उघडावयास लाविलें. त्याचीं दोन बोटेंही दांतांमध्यें उभीं राहीनात. मी डॉक्टर नव्हे. अकोल्यास दाखवा, आजच दाखवा, इतकेंच म्हणालों. गुटख्यावर महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी आली, पण पानठेल्यावर सुपारी-तंबाखू घोटणारा हात थांबलेला नाहीं. तोंडांतला चट्टा किंवा जखम पंधरवड्यांत भरली नाहीं तर वाट पाहूं नये, हें त्या टपरीवर मीं आठदहा जणांना सांगितलें. आमच्या घरीं हें कोणी सांगितलें असतें तर!

दुपारीं अकोल्यास पोंचलों व रात्रीं आगगाडीनें परतलों. चहा, ट्यूब व तिकीट माझ्या खिशांतून. जमलेल्या रकमेचा आंकडा येथें सांगत नाहीं; तो वहींत आहे. वडिलांच्या वहींत कोरीं पानें उरलीं होतीं, त्यांवरच जमा आणि खर्च मांडला आहे. वही दाराजवळच्या मेजावर ठेविली आहे. जातांना ज्याला पाहावयाची असेल त्यानें पाहावी, चूक दिसल्यास मला दाखवावी. एका नोंदीपुढें नांव नाहीं. ते दहा रुपये कुरणखेडच्या त्या बाईंचे आहेत. त्यांचें नांव विचारावयाचें राहून गेलें.