चाचणीचे दार कुणासाठी?



कुस्ती हा उघड्यावर निकाल लागणारा खेळ आहे. पाठ टेकली की टेकली. तेथे शिफारस चालत नाही आणि वाडवडिलांची पुण्याईही कामी येत नाही. हलगीच्या ठेक्यावर फडात उतरलेल्या दोन मल्लांपैकी श्रेष्ठ कोण, हे गावातले शेंबडे पोरही सांगू शकते. असे असताना या खेळात न्याय-अन्यायाचे इतके वाद का उद्भवतात? त्याचे कारण फडात सापडत नाही. वादाची खरी जागा फडाच्या अलीकडे असते. देशाचा संघ निवडण्यासाठी जी निवड चाचणी होते, तिच्या गादीवर उभे राहण्याचा अधिकार कोणाला आणि तो कोणत्या नियमाने, हा तो प्रश्न आहे. आजच्या विषयाचा गाभा एवढाच आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते ठरले. प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासखर्चासाठी स्वतःचे घर गहाण टाकले, ही कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तिच्या आधीची कथा मात्र कमी सांगितली जाते. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्यापेक्षा आपल्याला मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज क्रीडाप्रेमी होते. त्यांनी फेरचाचणीची वाट मोकळी केली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला लोळवून आपली जागा मिळविली. या हकिकतीचा आनंद वाटतो, तशी खंतही वाटली पाहिजे. देशाला पदक मिळाले ते एका महाराजांच्या सहृदयतेमुळे. नियमाने ते दार आपोआप उघडले नव्हते. ज्या गुणी मल्लाचा अर्ज अशा कुणापर्यंत पोहोचला नसेल, त्याचे काय झाले असेल?

आता आजची व्यवस्था पाहू. तालमीतला मुलगा किंवा मुलगी जिल्हा आणि राज्य अजिंक्यपद अशा पायऱ्या चढून राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचते. तेथील पदकविजेते आणि राष्ट्रीय शिबिरातील मल्ल यांच्यातूनच सामान्यतः निवड चाचणीचे स्पर्धक ठरतात. येथे आपल्याकडचा एक गैरसमज दूर करायला हवा. महाराष्ट्र केसरीची गदा हा फार मोठा मान आहे, पण ती गदा खांद्यावर आली म्हणून भारतीय संघाचे दार उघडत नाही. केसरी किताबाची लढत माती आणि गादी या दोन विभागांच्या विजेत्यांत होते आणि ती भारी वजनाची असते. आंतरराष्ट्रीय कुस्ती केवळ गादीवर आणि काटेकोर वजनगटांत होते. ज्या घरात पैलवान घडत आहे, त्या घराने हा फरक लवकर ओळखलेला बरा.

वजनगटांतही एक मेख आहे. जागतिक स्पर्धेत प्रत्येक प्रकारात दहा वजनगट असतात, तर २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते सहाच होते. बीडच्या मातीतला राहुल आवारे, हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांचा पठ्ठा, याने २०१९ साली नूर-सुलतानच्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्यपदक जिंकले. त्याच स्पर्धेत रवी दहियानेही कांस्यपदकच जिंकले, पण ५७ किलो गटात. रवीच्या पदकाने भारताला टोकियो ऑलिंपिकची जागा मिळाली. राहुलच्या पदकाने मिळाली नाही, कारण ६१ किलो हा ऑलिंपिकचा गटच नव्हता. पदकाचा रंग एक आणि मेहनतही एक, पण चार किलोंच्या फरकाने वाटा निराळ्या झाल्या.

ऑलिंपिकच्या या जागेला आपण सगळे 'कोटा' म्हणतो. पॅरिससाठी प्रत्येक वजनगटात सोळा मल्ल होते. त्यांतील पाच जागा २०२३च्या जागतिक स्पर्धेतून, प्रत्येक खंडाच्या पात्रता स्पर्धेतून दोन याप्रमाणे आठ आणि उरलेल्या तीन अखेरच्या जागतिक पात्रता स्पर्धेतून भरावयाच्या होत्या. पण नियमानुसार कोटा मिळतो तो देशाच्या ऑलिंपिक समितीला. ज्याने घाम गाळून तो मिळविला, त्या मल्लाच्या नावावर तो चढत नाही. देशाने वाटल्यास दुसऱ्याच मल्लाला पाठवावे. जागा देशाची आणि कष्ट व्यक्तीचे, या रचनेतच पुढच्या सगळ्या संघर्षांचे बीज आहे.

२०१६ साली हे बीज उगवले. लास वेगास येथे सप्टेंबर २०१५ मध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत नरसिंग यादवने ७४ किलो गटात कांस्यपदक जिंकले आणि रिओसाठी भारताची जागा निश्चित केली. मुंबईत घडलेला आणि तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला हा मल्ल. दुसऱ्या बाजूला सुशीलकुमार उभा होता, २००८ आणि २०१२ अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकमधील पदकविजेता. त्याचा ६६ किलोचा गट ऑलिंपिकमधून रद्द झाल्यामुळे तो ७४ किलोत आला होता आणि २०१४च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने या गटात सुवर्णपदकही मिळविले होते. जागतिक स्पर्धेसाठी झालेल्या चाचणीस तो दुखापतीमुळे उतरला नव्हता. आता त्याची मागणी एकच होती: नरसिंगशी एक कुस्ती लावा, जो जिंकेल तो जाईल.

वरवर पाहता या मागणीत वावगे काय? फडाचा न्याय हाच नव्हे काय? परंतु नरसिंगची बाजूही तितकीच भक्कम होती. ज्या चाचणीतून जागतिक स्पर्धेचा संघ निवडला गेला, ती त्याने दिली होती आणि जगातल्या मल्लांशी झुंजून जागा आणली होती. ऑलिंपिक दोन महिन्यांवर असताना ज्याने सराव, वजन आणि मन हे सारे एका तारखेवर केंद्रित केले आहे, त्याला घरच्याच आखाड्यात पुन्हा जिवावर उदार होऊन लढायला लावायचे काय? दुखापत झाली तर? दिल्ली उच्च न्यायालयाने ६ जून २०१६ रोजी सुशीलकुमारची याचिका फेटाळली. खेळाडूची निवड हे जाणकारांच्या संस्थेचे काम असून, तिचा निर्णय मनमानी नसेल तर न्यायालय त्यात हात घालणार नाही, अशी ती भूमिका होती. ती योग्यच म्हणावी लागेल. न्यायाधीशांनी पैलवान निवडू लागणे हे खेळाच्या हिताचे नाही.

मात्र एक प्रश्न न्यायालयाबाहेर तसाच राहिला. कोटा मिळविणाऱ्यास पुन्हा चाचणी द्यावी लागणार की नाही, हे लास वेगासला जाण्यापूर्वीच लिहून ठेवले असते, तर हा वाद कोर्टाची पायरी चढला असता काय? पुढे जे घडले ते सर्वज्ञात आहे. जुलैमध्ये नरसिंग उत्तेजक द्रव्य चाचणीत दोषी आढळला. आपल्या अन्नपाण्यात घातपात झाल्याचे त्याचे म्हणणे देशातील यंत्रणेने मान्य केले, पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्ट २०१६ रोजी त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. ७४ किलो गटात भारताचा मल्ल गादीवर उतरलाच नाही.

यातून धडा घेऊन नियम पक्के झाले असतील, असे कोणासही वाटेल. तसे झाले नाही. २०२३ साली भारतीय कुस्ती महासंघाच्या तत्कालीन अध्यक्षांवर महिला मल्लांनी लैंगिक छळाचे आरोप केले आणि दिल्लीच्या जंतरमंतरवर आंदोलन झाले. तो विषय स्वतंत्र आणि गंभीर आहे. येथे त्याचा संबंध एवढाच, की त्या काळात महासंघाचा कारभार अस्थायी समितीकडे होता आणि आशियाई स्पर्धा तोंडावर आली होती. १८ जुलै २०२३ रोजी समितीने पुरुषांच्या ६५ किलो गटात बजरंग पुनिया आणि महिलांच्या ५३ किलो गटात विनेश फोगाट यांना चाचणीविना थेट प्रवेश दिला. दोघेही आंदोलनाचे अग्रणी होते आणि दोघांचीही कामगिरी थोर होती. परंतु त्याच गटांत इतरही मल्ल वर्षानुवर्षे घाम गाळीत होते.

त्यांतील एक होती अंतिम पंघाल. हिस्सार जिल्ह्यातील भगाणा गावची ही मुलगी. घरात मुलींची रांग लागली, आता ही शेवटची असावी, म्हणून नाव 'अंतिम'. आपल्याकडच्या 'नकुशी'ची ही हरियाणातली बहीणच म्हणायची. २०२२ मध्ये वीस वर्षांखालील गटात जगज्जेती होणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. थेट प्रवेशाची वार्ता येताच तिने चित्रफितीद्वारे जाहीर सवाल केला, की आमच्यासाठी चाचणी आणि दुसऱ्यांसाठी सूट, हे कसे? तिने आणि सुजीत कलकल या मल्लाने न्यायालयात धाव घेतली. २२ जुलै रोजी याचिका फेटाळली गेली. त्याच दिवशी दिल्लीत चाचणी झाली आणि ५३ किलोत अंतिम जिंकली. दुसऱ्या दिवशी ६५ किलोत विशाल कालीरमण जिंकला. चाचणी जिंकूनही दोघे राखीव मल्लच राहिले. जी चाचणी जिंकून संघात जागा मिळत नाही, तिला चाचणी का म्हणावे?

पुढे विनेशने गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घेतली, अंतिम हांगझोऊला गेली आणि कांस्यपदक घेऊन आली. त्याआधी सप्टेंबरमध्ये बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेतही तिने कांस्यपदक जिंकून देशाला ५३ किलोचा ऑलिंपिक कोटा मिळवून दिला होता. बजरंग हांगझोऊहून पदकाविना परतला. विशालला ती संधी पुन्हा आली नाही. बजरंग हरला म्हणून निर्णय चुकला, असे म्हणणे उथळपणाचे होईल. तो सुवर्णपदक घेऊन आला असता तरीही निर्णय चुकीचाच ठरला असता, कारण विशालच्या प्रश्नाचे उत्तर त्या पदकाने दिले नसते.

अशा वेळी ज्येष्ठ मल्लाचा मान राखावा आणि नवोदिताचे दारही बंद होऊ नये, हे साधते कसे? अमेरिकेने काढलेली तोड अभ्यासण्यासारखी आहे. तेथे २०२४च्या ऑलिंपिकची चाचणी एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियातील स्टेट कॉलेज येथे झाली. चाचणीत कोण उतरू शकेल, याच्या वाटा आधीच जाहीर होत्या: राष्ट्रीय स्पर्धेतील वरचे क्रमांक, महाविद्यालयीन विजेतेपद आणि शेवटची संधी देणारी एक वेगळी स्पर्धा. आदल्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ऑलिंपिक वजनगटात पदक मिळविणाऱ्यास थेट अंतिम लढतीत बसविले होते. इतरांनी दिवसभर आपसात लढून एक आव्हानवीर ठरवायचा आणि त्याने त्या पदकविजेत्याशी तीनपैकी दोन कुस्त्यांच्या हिशेबाने झुंजायचे. पदकविजेत्याला मान मिळाला, विश्रांती मिळाली, एखादी कुस्ती निसटली तर सावरण्याची सोयही मिळाली. सूट मात्र मिळाली नाही.

८६ किलोत असा बसलेला मल्ल होता डेव्हिड टेलर, टोकियोचा सुवर्णपदक विजेता आणि २०२३चा जगज्जेता. त्याच्यासमोर आला चार वेळचा महाविद्यालयीन विजेता ॲरन ब्रुक्स. ब्रुक्सने सलग दोन कुस्त्या जिंकल्या. जगज्जेता घरी राहिला आणि ब्रुक्सने पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळविले. टेलर गेला असता तर पदकाचा रंग वेगळा असता, असे म्हणणारे तेथेही असतील. पण नियम आधी ठाऊक नव्हता, अशी तक्रार करायला जागा नव्हती.

आपल्याकडे पॅरिसपूर्वी काय झाले? ५३ किलोची जागा अंतिमने आणलेली होती. मार्च २०२४ मध्ये पतियाळा येथे महिलांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा ५३ किलोची शेवटची चाचणी पुढे खरोखर होणार काय, याचे लेखी आश्वासन विनेशने मागितले. त्यात काही तास कुस्त्या खोळंबल्या. अखेर ती एकाच दिवशी ५० आणि ५३ अशा दोन्ही गटांत उतरली; ५३ मध्ये उपांत्य फेरीत हरली आणि ५० मध्ये जिंकली. पुढे बिश्केकच्या स्पर्धेतून तिने ५० किलोचा कोटा मिळविला. आणि मे महिन्यात, ऑलिंपिकला जेमतेम दोन महिने उरलेले असताना, महासंघाने जाहीर केले की आता शेवटच्या चाचण्या होणार नाहीत, कोटा मिळविणारेच जातील. निर्णय कदाचित समर्थनीय असेल. पण तो मे महिन्यात घ्यायचा निर्णय नव्हता. शेवटची चाचणी होणार की नाही, हे मार्चमध्ये पक्के ठाऊक असते तर विनेशने कोणते वजन निवडले असते, हे कोणीच सांगू शकत नाही. ७ ऑगस्टला पॅरिसमध्ये अंतिम लढतीच्या सकाळी शंभर ग्रॅमसाठी ती अपात्र ठरली. तो नियमही कठोर होता, पण तो तिला आणि जगातल्या प्रत्येक मल्लाला आधीपासून माहीत होता.

त्याच मार्च महिन्यात सोनीपतला पुरुषांच्या चाचण्या झाल्या, त्यांकडे मात्र पुरेसे लक्ष गेले नाही. तेथे कोणाला सूट नव्हती. टोकियोचा कांस्यपदक विजेता बजरंग उपांत्य फेरीत हरला. ५७ किलोत टोकियोचा रौप्यपदक विजेता रवी दहिया आणि अमन सेहरावत समोरासमोर आले. दोघेही दिल्लीच्या छत्रसाल आखाड्याचे पठ्ठे. कुस्ती १४-१३ अशी, अवघ्या एका गुणाने अमनने मारली. मे महिन्यात इस्तंबूलला जाऊन त्याने देशाची जागा मिळविली आणि ९ ऑगस्ट रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकले. भारतीय कुस्तीला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेले ते एकमेव पदक.