बास्केटबॉलचा मोडलेला शेजार



१९३९ सालच्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील इव्हान्स्टन या गांवीं विद्यापीठांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेची पहिली बास्केटबॉल स्पर्धा संपली. अंतिम सामन्यांत पॅसिफिक किनाऱ्याकडील ऑरेगन विद्यापीठानें ओहायो स्टेट विद्यापीठाचा ४६ विरुद्ध ३३ गुणांनीं पराभव केला. या दोन विद्यापीठांमध्यें सुमारें दोन हजार मैलांचें अंतर. दोघांचे नेहमींचे प्रतिस्पर्धी निराळे, प्रेक्षकहि निराळे. म्हणूनच त्यांची गांठ पडणें हा एक राष्ट्रीय प्रसंग ठरला. २०२४ सालीं हेच दोन संघ एका मंडळाचे सभासद झाले, आणि त्यांचा सामना ही वेळापत्रकांतील एक साधी ओळ होऊन बसली. अंतर तिळमात्र कमी झालेलें नाहीं. नकाशा मात्र बदलला आहे. तो कशासाठीं बदलला आणि त्या बदलाचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. 'कॉन्फरन्स' म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें अध्यक्षांचें भाषण, ठराव आणि आभारप्रदर्शन उभें राहतें. अमेरिकेंतील क्रीडांगणावर या शब्दाचा अर्थ अगदीं वेगळा आहे. दरवर्षीं आपसांत सामने खेळावयाचे, त्यांचें वेळापत्रक एकत्र बसून ठरवावयाचें आणि मिळणारें उत्पन्न वांटून घ्यावयाचें, अशा करारानें बांधलेल्या विद्यापीठांच्या समूहास तेथें कॉन्फरन्स म्हणतात. आपण त्यास मंडळ म्हणूं. बास्केटबॉलच्या वरिष्ठ श्रेणींत साडेतीनशेंहून अधिक विद्यापीठें आहेत, आणि २०२४-२५ च्या मोसमांत त्यांचीं ३१ मंडळें होतीं. त्या मोसमाच्या शेवटीं झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेंत ६८ संघांना प्रवेश मिळाला. त्यांपैकीं ३१ जागा मंडळांच्या विजेत्यांना हक्कानें मिळाल्या, व उरलेल्या ३७ संघांची निवड एका समितीनें केली. तेव्हां कोणतें विद्यापीठ कोणत्या मंडळांत बसतें, यावर तेथील खेळाडूंचें भवितव्य पुष्कळच अवलंबून असतें.

या मंडळांच्या मुळाशीं शेजाराची कल्पना होती. १९७८ पासून २०११ पर्यंत पॅसिफिक किनाऱ्याच्या मंडळांत १० विद्यापीठें होतीं आणि त्यांच्या पांच जोड्या होत्या: लॉस एंजेलिसमधील दोन, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराजवळचीं दोन, आणि ऑरेगन, वॉशिंग्टन व ॲरिझोना या राज्यांतील दोन-दोन. पाहुणा संघ एकाच प्रवासांत जोडींतील दोन्ही यजमानांशीं, बहुधा गुरुवारीं व शनिवारीं, खेळे आणि आपल्या वसतिगृहांत परत येई. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें. एकदां आपल्या घरीं, एकदां त्याच्या घरीं. १८ सामन्यांनंतर जो सर्वांच्या वर राहील, त्याच्या विजेतेपदाविषयीं कोणीं शंका घेण्याचें कारण उरत नसे.

पूर्वेकडे हीच कल्पना डेव्ह गॅव्हिट यांनीं मोठ्या धडाडीनें राबविली. १९७९ सालीं त्यांच्या पुढाकारानें ७ विद्यापीठें एकत्र आलीं आणि 'बिग ईस्ट' या मंडळाचा जन्म झाला. बॉस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा महानगरांच्या टापूंतील हें मंडळ मुख्यतः बास्केटबॉलसाठीं स्थापन झालें होतें. पुरतीं सहा वर्षें होतात न होतात तोंच, १९८५ सालीं, राष्ट्रीय स्पर्धेंतील शेवटच्या चार संघांपैकीं तीन याच मंडळाचे निघाले. अंतिम सामन्यांत व्हिलानोव्हानें बलाढ्य जॉर्जटाऊनला ६६ विरुद्ध ६४ गुणांनीं हरविलें. त्याच मोसमांत हे दोन संघ आधीं दोनदां भेटले होते, आणि दोन्ही वेळां जॉर्जटाऊनची सरशी झाली होती. प्रतिस्पर्ध्याचें मर्म कळतें तें अशा पुनःपुन्हां होणाऱ्या भेटींतूनच.

मग हा शेजार मोडला कां? याचें उत्तर बास्केटबॉलमध्यें सांपडत नाहीं; तें फुटबॉलमध्यें आहे. फुटबॉल म्हणजे आपण समजतों तो नव्हे. लंबगोल चेंडू हातीं घेऊन धांवण्याचा, अंगावर चिलखतासारखे कपडे चढवून खेळण्याचा तो अमेरिकन खेळ होय. त्याचे दूरचित्रवाणीवर किती सामने दाखवावयाचे हें पूर्वीं विद्यापीठांची राष्ट्रीय क्रीडासंघटना ठरवीत असे. २७ जून १९८४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ही मक्तेदारी बेकायदेशीर ठरविली. तेव्हांपासून विद्यापीठांना व त्यांच्या मंडळांना फुटबॉलच्या प्रक्षेपणाचे हक्क स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली. विकणारा जितका मोठा, तितकी किंमत चढी. प्रत्येक मंडळ नव्या शहरांतील नवे प्रेक्षक आपल्याकडे ओढूं लागलें. बाजार कोठवर गेला तें एका करारावरून कळेल: २०२२ सालीं 'बिग टेन' मंडळानें ७ वर्षांच्या प्रक्षेपणासाठीं ७०० कोटी डॉलरांहून अधिक रकमेचे करार केले.

या बाजाराचा पहिला मोठा घाव बिग ईस्टवर पडला. २०१२ ते २०१४ या अवधींत वेस्ट व्हर्जिनिया, सिराक्यूज, पिट्सबर्ग, नोत्र दाम, लुइव्हिल, रट्गर्स हीं विद्यापीठें एकामागून एक इतर मंडळांच्या वाटेला लागलीं. मोठ्या फुटबॉलचा पसारा न मांडलेलीं ७ कॅथॉलिक विद्यापीठें मागें राहिलीं. त्यांनीं २०१३ सालीं वेगळें होऊन बिग ईस्ट हें नांव आपल्याकडे राखलें आणि बटलर, क्रेटन व झेव्हियर यांना सोबत घेऊन संसार नव्यानें मांडला.

सर्वांत विलक्षण कथा कनेक्टिकट विद्यापीठाची आहे. हें बिग ईस्टच्या मूळच्या सातांपैकीं एक. २०११ सालीं त्यानें राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, २०१४ सालीं पुन्हां मिळविलें. परंतु श्रीमंत मंडळांपैकीं एकाचेंहि बोलावणें त्याला आलें नाहीं. २०१३ पासून सात वर्षें तें अशा मंडळांत राहिलें कीं, ज्यांत टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियाना अशा दूरच्या राज्यांतील संघांशीं त्याला खेळावें लागे. जुने प्रतिस्पर्धी दुरावले. अखेर २०२० सालीं त्यानें फुटबॉलचा संघ कोणत्याहि मंडळाविना स्वतंत्र ठेवण्याचें पत्करलें आणि इतर खेळांसह तें बिग ईस्टमध्यें परतलें. पुढें २०२३ व २०२४ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्याचा पुरुष संघ राष्ट्रीय विजेता ठरला. केवळ घरीं परतल्यामुळें विजय मिळाला, असें मी म्हणत नाहीं. उत्तम प्रशिक्षक आणि उत्तम खेळाडू यांवांचून तें घडत नसतें. परंतु फुटबॉलच्या नकाशावर बास्केटबॉलनें राहिलेंच पाहिजे असा कांहीं निसर्गनियम नाहीं, एवढें यावरून खास सिद्ध झालें.

कांहीं वैरें तर पिढीजात असतात. कॅन्सास आणि मिसूरी या दोन राज्यांचें हाडवैर अमेरिकन यादवी युद्धाच्या काळापासूनचें. १८९१ सालीं बास्केटबॉल शोधून काढणारे जेम्स नेस्मिथ हे पुढें कॅन्सास विद्यापीठाचेच पहिले प्रशिक्षक झाले, आणि त्यांच्याच कारकीर्दींत, १९०७ सालीं, कॅन्सास-मिसूरी सामने सुरू झाले. २५ फेब्रुवारी २०१२ रोजीं जादा वेळांत कॅन्सासनें ८७ विरुद्ध ८६ असा अवघ्या एका गुणानें विजय मिळविला. त्याच वर्षीं मिसूरी दुसऱ्या मंडळांत गेलें, आणि शतकाहून जुनी ही परंपरा खंडित झाली. पुढचा अधिकृत सामना व्हावयास २०२१ चा डिसेंबर उजाडावा लागला. एक विद्यार्थी महाविद्यालयांत साधारणतः चार वर्षें असतो. म्हणजे मधल्या काळांत विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या आपल्या परंपरेंतील ही लढत न पाहतांच पदवी घेऊन बाहेर पडल्या.

२०२४ सालीं तर पॅसिफिक किनाऱ्याचें, १९१५ पासूनची परंपरा सांगणारें मंडळच विस्कटलें. लॉस एंजेलिसचीं दोन्ही विद्यापीठें, ऑरेगन आणि वॉशिंग्टन हीं 'बिग टेन'मध्यें गेलीं. नांवांत दहा, पण सभासद झाले १८. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांनीं अटलांटिक किनाऱ्याच्या मंडळांत प्रवेश केला. वस्तुतः दोन्ही पॅसिफिक महासागराच्या कांठचीं. भूगोलाच्या शिक्षकानें कपाळावर हात मारावा असा हा प्रकार आहे.

परंतु हा केवळ विनोदाचा विषय नाहीं. फुटबॉलचा संघ आठवड्यांतून एकदां, बहुधा शनिवारीं, खेळतो, आणि त्याच्या मोसमांतील नियमित सामने १२ च्या घरांत असतात. बास्केटबॉलचे सामने तीसच्या आसपास असतात, आणि ते आठवड्यांतून दोनदां, कामाच्या दिवशींहि होतात. लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीपर्यंतचा प्रवास सुमारें अडीच हजार मैलांचा; दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत तीन तासांचें अंतर. करार फुटबॉलचा, आणि झोप बुडते बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींची. हीं मुलें विद्यार्थी आहेत, त्यांना वर्गांत बसावयाचें असतें, परीक्षा द्यावयाच्या असतात, याचा विचार कराराच्या मेजावर किती झाला असेल?

खेळाचेंहि नुकसान आहेच. २०२४-२५ मध्यें 'बिग टेन'मधील प्रत्येक संघाच्या वांट्याला मंडळांतर्गत २० सामने आले: तीन प्रतिस्पर्ध्यांशीं दोनदां, आणि १४ जणांशीं केवळ एकदां. एखाद्याला बलिष्ठ संघाशीं आपल्या घरीं खेळावयास मिळालें, दुसऱ्याला त्याच्याच घरीं जावें लागलें. मग गुणतक्त्यांतील पहिला खरोखर पहिला आहे कीं वेळापत्रकाचा लाडका, हें कसें ठरवावयाचें?

मागें राहिलेल्यांची स्थिति याहून कठीण. पॅसिफिक मंडळांतून दहा विद्यापीठें गेलीं, आणि ऑरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट हीं दोनच उरलीं. त्याच वर्षीं, मार्च २०२४ मध्यें, वॉशिंग्टन स्टेटचा पुरुष संघ २००८ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेंत पोंचला होता आणि तेथें एक सामना जिंकलाहि होता. कित्येक वर्षांनीं दारीं सुदिन आला, आणि तेव्हांच घर कोसळलें. मोसम संपतांच त्यांचे प्रशिक्षक स्टॅनफर्डला गेले. दोन्ही विद्यापीठांना बास्केटबॉलसाठीं दुसऱ्या एका मंडळाच्या आश्रयास जावें लागलें. २०२६ पासून नवे सभासद घेऊन पॅसिफिक मंडळ पुन्हां उभें करण्याचें ठरलें. परंतु गेलेले शेजारी त्यांत नाहींत.

लहान विद्यापीठांचें काय? २०१० व २०११ सालीं बटलर हें छोटें विद्यापीठ लागोपाठ दोनदां अंतिम सामन्यापर्यंत पोंचलें, आणि साऱ्या देशानें त्याला डोक्यावर घेतलें. २०२५ सालीं आग्नेयेकडील मंडळाच्या १६ संघांपैकीं तब्बल १४ संघ राष्ट्रीय स्पर्धेंत आले, आणि शेवटचे १६ संघ उरले तेव्हां ते सारे अवघ्या चार मंडळांचे होते. याचा सर्व दोष मंडळांच्या फेररचनेला देणें न्यायाचें होणार नाहीं. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नांवावर पैसा मिळविण्याची आणि एकदां विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, त्यामुळेंहि गुणी मुलें मोठ्या घरांकडे वळलीं. तरी श्रीमंतांची पंगत एकत्र बसली, कीं बाहेर उभ्या असलेल्याला पान मिळणें अधिकच दुर्घट होतें.

या बदलाच्या समर्थकांचें म्हणणें ऐकून घेतलेंच पाहिजे. फुटबॉलच्या पैशावर पोहणें, धांवणें, कुस्ती असे उत्पन्न न देणारे खेळ आणि शेंकडों शिष्यवृत्त्या चालतात. शिवाय पूर्वीं क्वचित् होणारे मातबर संघांचे सामने आतां वरचेवर पाहावयास मिळतात. हें खरें आहे. पण एवढ्यासाठीं सर्व खेळांना एकाच दावणीला बांधण्याची आवश्यकता नाहीं. फुटबॉलनें खुशाल देशभर आपला व्यापार करावा. बास्केटबॉल, पोहणें आणि इतर खेळ आपापल्या टापूंतील शेजाऱ्यांशीं खेळवावे. कनेक्टिकटनें ही वाट चालून दाखविली आहे. तींत पैसा कमी आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु विद्यापीठ ही जर प्रथम विद्येची संस्था असेल, तर आपल्या विद्यार्थ्याला गुरुवारच्या सामन्यानंतर शुक्रवारीं सकाळीं वर्गांत बसतां यावें, एवढी किंमत तिनें मोजावयास हरकत नसावी.