तक्त्यातला मासा आणि ताटातला मासा
(कार्यकर्त्यांच्या बैठकीतील भाषण)



आज मी कॅनडातल्या एका आदिवासी वस्तीविषयी बोलणार आहे. तिचे नाव ग्रासी नॅरोज. ऑन्टारिओ प्रांतात नदी-तळ्यांच्या काठी राहणारे हे ओजिब्वे लोक. मासा हे त्यांचे अन्न आणि मासा हाच रोजगार. नदीच्या वरच्या अंगाला ड्रायडन गावात कागदाचा कारखाना होता. १९६२ ते १९७० या काळात तिथून सुमारे ९ टन पारा पाण्यात गेला.

गाळातले जंतू या पाऱ्याला आणखी विषारी रूप देतात. ते किड्यांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्या माशांत साठत जाते. त्याला वास नाही, चव नाही. काही विषे चरबीत असतात, चरबी काढून टाकली की थोडी कमी होतात. पारा मांसातच असतो. धुऊन, शिजवून, वाळवून तो जात नाही.

१९७० साली विक्रीची मासेमारी बंद झाली आणि हातचा पैसा गेला. १९७५ मध्ये जपानचे डॉक्टर हारादा तिथे आले. मिनामाताचे रोगी ज्यांनी तपासले, तेच हे. तीच लक्षणे त्यांना इथेही दिसली.

आता प्रांताचे सरकार तक्ता काढते. कुठल्या पाण्यातला, कुठल्या जातीचा, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे त्यात असते. मुले आणि मूल होण्याच्या वयातल्या स्त्रिया यांच्यासाठी आकडा वेगळा, कारण पारा पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतो. या तक्त्याला मी नावे ठेवत नाही. मोठा शिकारी मासा सोडा, लहान घ्या, हे कळले तरी पुष्कळ.

पण त्यातले एक 'जेवण' म्हणजे २२७ ग्रॅम. बाप संध्याकाळी मासे घेऊन घरी आला की तराजू कोण काढतो? सुट्टीत गळ टाकणाऱ्याला हा हिशेब जमेल. रोज मासा खाणाऱ्या घराला 'महिन्यातून चारदा' सांगितले, तर उरलेल्या दिवसांचे काय? दुकानातले अन्न महाग. शिवाय आईच्या अंगात आधीच किती पारा आहे, हे तक्त्याला ठाऊक नसते. आणि नदी साफ करायचे काम ज्यांचे, त्यांच्यासाठी त्यात एकही ओळ नाही. सगळी पथ्ये खाणाऱ्यालाच. नदीच्या सफाईसाठी साडेआठ कोटी डॉलर द्यायचे सरकारने कबूल केले, ते २०१७ साली!

आपणही पाड्यांवर आहाराचे तक्ते लावतो. तुमच्या भागात कारखान्याच्या खालच्या अंगाला मासे धरणारी घरे असतील, तर तक्ता चिकटवण्याआधी दोन गोष्टी लिहून आणा. घरात आठवड्यातून किती वेळा मासा शिजतो, आणि मासा नसेल त्या दिवशी चुलीवर काय असते.