रात्रीची इर्जिक

मागच्या रमजानात मी धाकट्या मुलाकडे अमरावतीला होतो. पहाटे सहरीला उठलो, तर त्याच्या खोलीत उजेड. मुलगा झोपलेला, संगणक मात्र जागा. पडद्यावर ताऱ्यांचा एक गोल संथ फिरत होता. बंद करायला हात पुढे केला, तोच अंथरुणातून आवाज आला, “अब्बा, राहू द्या. गणित चालू आहे.”

कुणाचं गणित? जर्मनी-अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं. आणि विजेचं बिल? ते याचं! सकाळी मी वादच घातला.

त्यानं सांगितलं ते असं. गुरुत्वीय लहरी मोजणाऱ्या यंत्रांतून आणि रेडिओ दुर्बिणींतून माहितीचा ढीग निघतो. तो चाळायला एक महासंगणक पुरत नाही. म्हणून २००५ साली ‘आइन्स्टाइन ॲट होम’ सुरू झालं. ढिगाचे लहान तुकडे करायचे आणि जगभरच्या घरांतल्या रिकाम्या संगणकांना वाटायचे. २०१० मध्ये असाच एक नवा पल्सार सापडला, सेकंदाला सुमारे ४१ गिरक्या घेणारा मृत तारा. त्याचं गणित आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झच्या एका गृहस्थाच्या संगणकांनी केलं होतं.

मी म्हटलं, ही तर आपली इर्जिक! एखाद्याची पेरणी मागे पडली की गावातले लोक आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या वावरात उतरतात. तो फक्त जेवण घालतो. इथं तर जेवणही नाही.

“पण वावर परक्याचं नाही,” मुलगा म्हणाला. गोंगाटातून क्षीण लहर ओळखण्याच्या गणितावर पुण्याच्या आयुकात डॉ. संजीव धुरंधरांनी अनेक वर्षं काम केलं. पहिली लहर २०१५ च्या सप्टेंबरात टिपली गेली. तशीच वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. अकोल्याहून पूर्णेच्या गाडीत बसलं की वाशीमच्या पुढे हिंगोली. इतकं जवळ हे येणार, आणि मी बिलावरून भांडत होतो.

मला खरी गोडी लागली ती मात्र दुसऱ्याच गोष्टीत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेची अशीच योजना २००४ पासून आहे. तिथं २७ किलोमीटरच्या वर्तुळात प्रोटॉन सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतात. दहा लाख फेऱ्यांत कण वाट सोडेल का, हे आधी हिशेबानं पाहायचं. खऱ्या यंत्रात हा दीड मिनिटाचा खेळ. घरच्या संगणकाला तास न् तास लागतात.

हे काम करणारा ‘सिक्सट्रॅक’ हा प्रोग्राम जुन्या फोरट्रान भाषेतला. एकच गणित दोन घरी पाठवून उत्तरं ताडून पाहायची, अशी रीत. पण दोन जातींचे संगणक दशांशाच्या पार शेवटच्या घरात वेगळं बोलत. लाखो फेऱ्यांत तो कणभर फरक फुगे, आणि खरं कोण ते कळेना. शेवटी लॉगॅरिदमसारखी मूळ फलनं सगळीकडे हुबेहूब एकच उत्तर देतील अशी बसवावी लागली. नंतर सारा प्रोग्राम नव्या फोरट्रानमध्ये आणला. बदल केला की जुनी गणितं पुन्हा चालवायची आणि उत्तर तेच येतं ना, ते पाहायचं. जुना शेर दुरुस्त करताना एक मात्रा हलली की काय होतं ते मला ठाऊक आहे. त्या लोकांची मला दया आली. पुढे ग्राफिक्स कार्डावरही चालणारा ‘एक्सट्रॅक’ हा नवा प्रोग्राम सर्ननं लिहिला.

एक गोष्ट मात्र खटकते. नवं सॉफ्टवेअर नवं यंत्र मागतं. महागडं कार्ड असलेला एक संगणक माझ्यासारख्यांच्या कितीतरी डब्यांचं काम एकटा उरकतो. ट्रॅक्टर आले आणि इर्जिकीतल्या बैलजोड्या गोठ्यात राहिल्या, तसं हे. शास्त्राला उत्तर लवकर हवं, हे मला पटतं. तरी वाईट वाटतं.

ईदनंतर अकोल्याला परतलो. मुलानं माझ्या जुन्या संगणकावरही ते बसवून दिलं. त्याला झेपेल असं काम अजून मिळतं. पहिल्या गणिताला चार दिवस लागले. मध्ये दोनदा लाइट गेली. आली तेव्हा जिथं थांबलं होतं, जवळपास तिथूनच ते पुन्हा सुरू झालं. मे महिन्यात मात्र आम्ही बापलेक दोघंही संगणक बंद ठेवतो.