भिंतीला लाकूड किती लागेल?

वाशीम असो की कारंजा, भिंतीला लाकडी पट्ट्या लावायच्या म्हटलं की आपण लांबी-उंचीचा गुणाकार करतो आणि थेट दुकान गाठतो. हिशेब चुकतो तो इथेच. 12 फुटांची भिंत म्हणजे 144 इंच. पट्टी 4 इंची धरली, तर 36 पट्ट्या पुरतील असं वाटतं. पण एका पट्टीची कड दुसरीच्या खाचेत बसते. त्यात पाव इंच जरी गेला, तरी दिसणारी रुंदी पावणेचार इंचच उरते आणि पट्ट्या लागतात 39. म्हणून भागाकार दिसणाऱ्या रुंदीनेच करावा.

कुणी म्हणेल, दार-खिडकी वजा केली की तूट आपोआप भरून निघेल. मोठं दार जरूर वजा करा. पण चौकटीभोवती कापलेले तुकडे दरवेळी कामी येतातच असं नाही, म्हणून दहा टक्के जास्त धरा. कमी पडलं तर मागाहून आणू, हेही महागात पडतं, कारण नव्या मालाचा रंग आणि रेषा जुन्याशी जुळेलच याची खात्री नसते. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. कडेला थोडी फट सोडा. तेव्हा आधी टेप, मग कागद, आणि शेवटी दुकान.